ओलांडलेली बंदूक

बंदूक ओलांडली की तिचा नेम जातो, हे कोक-झारमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आणि ओलांडणारी नेहमी बाईच असते, हेही. त्यामुळे सागिनबायची गोळी चुकली त्या संध्याकाळीच बुरमाकानला कळलं, की हे फिरून फिरून आपल्याच अंगावर येणार.

चुकली तीही कशी! सगळ्या मेंढपाळांच्या देखत. लांडगा दगडांच्या घसरणीवर आडवा उभा, वारा पडलेला, अंतर असं की आसिलबेक नंतर म्हणाला, "मी दगड भिरकावला असता तरी लागला असता." सागिनबायने गुडघा टेकला, बोल्ट मागे-पुढे केला, श्वास सोडला, चाप ओढला. गोळीने लांडग्याच्या कितीतरी मागे धूळ उडवली. लांडग्याने मान वळवून पाहिलं आणि घाई न करता निघून गेला. ते घाई न करणंच गावाला जास्त झोंबलं.

सागिनबाय मेरगेन होता. नेमबाज गावात पुष्कळ असतात, मेरगेन एखादाच. बाकीचे शिकार करतात, आणि मेरगेनच्या हातून शिकार होते, असं म्हणतात. त्याचा बाप मेरगेन, आजा मेरगेन. लग्नाकार्यात त्याला वरच्या अंगाला बसवत, मेंढ्याचं डोकं त्याच्यापुढे ठेवत, आणि बुरमाकान मेरगेनची बायको म्हणून बायकांत चार जणींच्या आधी हात धूत असे. मान हा असा घरभर वाटला जातो. बेइज्जती मात्र वाटली जात नाही, ती एकाच्याच ताटात पडते.

त्या संध्याकाळी सागिनबाय बूट काढून गप्प बसला. बोलली ती त्याची आई. घरात तिला सगळे आपाच म्हणत.

"बंदूक भिंतीवरून कधी काढली होतीस?"

"परवा. तेल द्यायला."

"ठेवली कुठे?"

"इथेच. खाली, लोकरीच्या नमद्यावर."

आपाने सुनेकडे पाहिलं. "आणि तू रजया काढायला आत आली होतीस."

"आले होते, आपा. पण भिंतीच्या कडेने—"

"मी तुला काही विचारलं?"

आपाने आर्चा झाडाच्या वाळल्या, वासाळ फांद्या पेटवल्या, बंदुकीच्या दस्त्यापासून नळीच्या तोंडापर्यंत धूर फिरवला, काहीबाही पुटपुटली, आणि बंदूक पुन्हा खुंट्यांवर टांगली. त्या दिवसापासून आतल्या खोलीचं दार बुरमाकानला बंद झालं. अंथरूण-पांघरूण आपा काढून देई. पिठाची कोठी आतल्या खोलीच्या पलीकडे. पीठ हवं तर बुरमाकान अंगणात जाई, गोठ्याला वळसा घाली आणि मागच्या दाराने शिरे. बावीस वर्षं ज्या घरात ती डोळे मिटून फिरली असती, त्या घरात आता तिला वाट विचारावी लागत होती.

सागिनबायचं म्हणणं वेगळं होतं. "बाईचा दोष नाही," तो म्हणाला. तिला क्षणभर बरं वाटलं. "काडतुसं दमट झाली असणार. बाबांच्या वेळचा डबा आहे तो."

जस्ताचा डबा खरंच जुना होता. सासरे असताना आलेला, पत्रा कापूनच उघडावा लागे असा. त्यातली काडतुसं सागिनबाय आयुष्यभर वापरत आला होता आणि त्यांनी कधी दगा दिला नव्हता. पण म्हातारं माणूस आणि जुनं काडतूस, दोघांवरही दोष ढकलला तर ते उलटून बोलत नाहीत. डबा गोठ्यात, गवताखाली गेला.

आता घरात दोन मतं झाली. आपा म्हणे बाई, मुलगा म्हणे काडतूस. तिसरं मत असू शकतं असं कोणी म्हणत नव्हतं. आणि ते तपासायची सोयही नव्हती, कारण मेरगेनच्या बंदुकीला दुसऱ्याने गाल लावायचा नाही. लावला तर बंदूक बिथरते, धनी विसरते. म्हणून सागिनबायची बंदूक सागिनबायच तपासणार, सागिनबायच चुकणार आणि सागिनबायच निकाल देणार.

काडतुसं आणायचं काम आसिलबेककडे आलं. तो सागिनबायचा चुलतभाऊ, बिश्केकला व्हॅन घेऊन जा-ये करणारा, तोंडाचा फटकळ. नवऱ्याच्या भावकीतल्या कुणाचं नाव सुनेने उच्चारायचं नसतं, म्हणून बुरमाकान त्याला 'गाडीवाले' म्हणे; तो तिला 'जेंगे', म्हणजे वहिनी म्हणे, आणि सागिनबायला मानाने 'बायके'.

पहिल्या खेपेला त्याने हिरवट लाखेची, लोखंडी पुंगळ्यांची काडतुसं आणली. झाडली तर त्यांच्या गोळ्या विखुरल्या. दुसऱ्या खेपेला पिवळीधमक पितळी, परदेशी, लांब जड गोळीची.

"बायके, ही बघ," त्याने खोकं सागिनबायच्या मांडीवर ठेवलं. "दुकानदार म्हणाला, प्रत्येक नळीची जीभ वेगळी असते. एकीला हलकी गोळी रुचते, एकीला जड. आपण चारत राहायचं, ती खाईल तेव्हा खाईल."

"म्हणजे सुनेसारखी," आपा म्हणाली.

"नाही आपा, सून जे मिळेल ते खाते," आसिलबेक म्हणाला, आणि सगळे हसले. बुरमाकानही हसली. हसण्यावाचून तिला दुसरं काय होतं?

"दुर्बीण बसवून बघ की एकदा," आसिलबेक सहज बोलल्यासारखं बोलला. "हल्ली सगळे बसवतात."

"दुर्बीण म्हणजे बंदुकीला चष्मा," सागिनबाय म्हणाला. "बाबांनी कधी लावला नाही."

गावामागच्या घळीत त्यांनी फळी उभी केली. फळीवर पिठाच्या खळीने पांढरा कागद चिकटवला, मधोमध कोळशाने वाटीएवढं वर्तुळ. सागिनबाय पालथा पडला, बंदूक बार्लीच्या पोत्यावर टेकवली. तीन गोळ्या झाडायच्या, नळी गार होऊ द्यायची, चहा घ्यायचा, पुन्हा तीन. बुरमाकानने बंदुकीच्या बाजूला फिरकायचं नाही असं आपाने बजावलं होतं. फळीजवळ जायला मात्र हरकत नव्हती, कारण चिखलातून फळीपर्यंत ये-जा करायला दुसरं कोणी तयार नव्हतं. ती बाजूच्या खडकाआड उभी राही आणि हाक आली की कागद पाहायला जाई.

"कुठे लागल्या?" सागिनबाय तिकडून ओरडला.

एक कोपऱ्यात होती. एक खाली, कागदाच्या कडेला. तिसरी कागदात नव्हतीच.

"विखुरल्यात!" ती म्हणाली.

"बघितलंस?" तो आसिलबेकला म्हणाला. "ही पण तिला रुचत नाहीत."

तिने कागद नेऊन दिला. भर दुपारचं ऊन होतं. त्याने तो डोळ्यांसमोर धरला, मान हलवली, आणि म्हणाला, "हं, तिन्ही डावीकडे जातात." बुरमाकानने आसिलबेककडे पाहिलं. आसिलबेक चहात पाव बुडवत होता.

परतताना तिला एकेक आठवत गेलं. कुंपणावर वाळत घातलेल्या कोटाला त्याने "ये, आत ये" म्हटलं होतं. तेव्हा तिला वाटलं होतं, थट्टा करतोय. उतारावरच्या पांढऱ्या धोंड्याला चुकलेली मेंढी समजून तो अर्धा डोंगर चढून गेला होता. तेव्हा वाटलं, पाय मोकळे करायला गेला असेल. घोडी लांबून येताना आता तो पाहत नसे, ऐकत असे. बायकोला नवऱ्याच्या अंगातल्या गोष्टी सर्वांत आधी दिसतात म्हणतात. ते खरं असेल. पण त्या ओळखायला ती सर्वांत शेवटी तयार होते.

जेवताना ती म्हणाली, "अहो, नारिनच्या दवाखान्यात डोळ्यांचा डॉक्टर बसतो म्हणे."

"कुणाचे डोळे दुखतायत?"

"दुखत नाहीत. आपलं सहज."

"मेरगेनला चष्मा?" त्याने मटणाचं हाड चोखत म्हटलं. "लांडगा हसून हसून मरेल. काडतुसाचीही गरज नाही."

आपा मोठ्याने हसली. विषय संपला.

बुरमाकान आक-सायकडची. बापाला बरीच वर्षं मुलगा नव्हता, तोवर थोरल्या लेकीलाच त्याने मुलासारखं वागवलं. मार्मोट बिळातून डोकं काढीपर्यंत दोन काठ्यांच्या आधारावर बंदूक टेकून पडून राहायचं, श्वास अर्धा सोडायचा, हे ती लहानपणी शिकली होती. पुढे कुबान जन्मला, बंदूक त्याच्यासाठी राखली गेली आणि हिला शिलाईयंत्र मिळालं. लग्न ठरताना बापाने बजावलं, "सासरी हे सांगू नकोस. मेरगेनचं घर आहे." तिने कधी सांगितलं नाही. तसं सांगण्याची वेळही आली नाही.

बर्फ पडलं आणि लांडगे खाली उतरले. एका रात्रीत दोन गोठ्यांतल्या मेंढ्या फाडल्या. गावाने शुक्रवारी हाका करायचं ठरवलं: माणसं वरून दरीतून ओरडत, डबे बडवत उतरणार, लांडगे पुढे पळणार, आणि दरीच्या तोंडाशी मेरगेन बसणार. मेरगेन कोण, हा प्रश्न कोणी विचारला नाही. एकदा गोळी चुकली म्हणून मेरगेन बदलत नाहीत. शिवाय आसिलबेक तिसऱ्या प्रकारची काडतुसं आणणार होता.

कुबान बहिणीकडे डोकावून गेला. आता तोही शेजारच्या वाडीत मेंढरं राखत होता. "ताई, मीपण आहे हाक्याला. मधल्या घळीतून मीच उतरणार. दाजींच्या बरोब्बर समोर."

"धुकं असतं रे तिथे."

"असू दे की. दाजी मुंगीचा डोळा फोडतात."

तो गेल्यावर तिने दूध उतू घालवलं. आपाचं बोलणं ऐकून घेतलं.

हाक्याच्या आदल्या दिवशी पलीकडच्या गावात कुणाच्या तरी वर्षश्राद्धाचं जेवण होतं. आपा आणि सागिनबाय घोड्यांवरून गेले. गाय व्यायला झाली होती, म्हणून बुरमाकान घरी राहिली. घोडे वळणापलीकडे गेले आणि ती आतल्या खोलीत शिरली. नमदा ओलांडून, सरळ. तिने बंदूक खुंट्यांवरून काढली. तिच्या आठवणीतल्या बंदुकीपेक्षा ती जड होती.

गवताखालचा डबा काढला. लाखेची, पितळी आणि सासऱ्यांच्या डब्यातली, तिन्ही प्रकारची काडतुसं ओच्यात घेतली. घळीत पोतं टाकलं, फळीवर नवा कागद लावला. सुरुवात जुन्यांनीच केली. आणि पालथं पडताना तिला मनापासून वाटत होतं, की गोळ्या विखुराव्यात. कागदभर उधळाव्यात. दोष काडतुसाचा निघावा, बंदुकीचा निघावा, हवं तर आपण ओलांडली असंही निघावं, म्हणजे ह्यांचा निघणार नाही.

तिने तीन गोळ्या झाडल्या. खांद्यात कळ गेली. उठून ती फळीकडे चालत गेली, आणि पोचायच्या आधीच तिला दिसलं. तिन्ही भोकं वर्तुळात, एकमेकांना खेटून, एका कुशीत निजलेल्या पिल्लांसारखी.

लाखेच्या काडतुसांच्या गोळ्या जरा सैल पडल्या, पण लांडगा मरेल अशा. पितळी बोटभर खाली लागल्या, तिन्ही सोबतीने. जिचा नेम गेला म्हणून धूर फिरवला, जिच्यासाठी तिला पिठाला अंगणातून जावं लागत होतं, त्या बंदुकीत काही खोट नव्हती. कुठल्याच काडतुसात काही नव्हतं.

"जेंगे."

ती दचकली. आसिलबेक खडकाशी उभा होता. हातात नव्या काडतुसांचं खोकं. "जेवणाला न थांबता तसाच आलो. आवाज ऐकला. म्हटलं बायके तर तिकडे, मग इथे कोण?" त्याने कागद पाहिला, फळीजवळ जाऊन भोकांवर बोट ठेवलं. "कुठल्या काडतुसांची?"

"जुन्या डब्यातली."

त्याने नुसती मान हलवली. त्याला नवल वाटलेलं नाही, हे तिच्या ध्यानात आलं.

"गाडीवाले, तुम्हाला ठाऊक होतं?"

"त्या लांडग्याच्या दिवसापासून. गोळी चुकली त्याचं काही नाही, कुणाचीही चुकते. पण लांडगा निघून गेल्यावरही बायके त्या दगडांकडे नेम धरून बसला होता."

"मग काडतुसं कशाला आणत बसलात?"

"काडतुसं आणणं सोपं आहे, जेंगे."

"आणि उद्या हाक्याला कोण कोण?"

"मी. तुमचा कुबान. सगळेच."

"मग?"

"मी खडकांच्या आडून चालेन," आसिलबेक म्हणाला. "कुबानलाही सांगून बघतो. पण का ते कसं सांगू? मेरगेनला आंधळा म्हणणारं तोंड माझ्याकडे नाही. तुमच्याकडे असलं तर बघा." खोकं पोत्यावर ठेवून तो निघून गेला.

तिने बंदूक पुसली, जागेवर टांगली, आणि जुन्या काडतुसांचा कागद घडी करून ओच्यात ठेवला. संध्याकाळपर्यंत ती दोन्ही बाजूंनी विचार करत राहिली. गप्प राहावं तर उद्या धुक्यात काहीतरी हलेल, आणि ह्यांना ते लांडगा वाटेल. बोलावं तर ह्यांचं घरातलं, गावातलं आसन जाईल; आणि ते काढून घेणारी कोण, तर बायको, तीही त्यांच्याच बंदुकीला गाल लावून.

घोडे परत आले. आपा बाहेरच्या खोलीत कुणीतरी दिलेली मिठाई सोडत बसली. सागिनबाय आतल्या खोलीत कोट काढत होता. बुरमाकान उंबऱ्यात आली, थांबली, आणि मग आत आली.

"तू इथे?" तो म्हणाला.

तिने कागद पुढे केला. "हे बघा."

त्याने तो खिडकीशी नेला, जवळ धरला, लांब धरला. "कागद आहे."

"बोट फिरवा."

त्याचा अंगठा कागदावरून सरकत गेला आणि थांबला. तिन्ही भोकं त्या एका अंगठ्याखाली झाकली गेली. मग अंगठा कागदभर हिंडला, आणखी कुठे काही लागतंय का ते शोधत. काही लागलं नाही.

"कुणी झाडल्या?"

"मी."

ती फटक्याची वाट पाहत होती. तो नुसता म्हणाला, "कुठली?"

"बाबांच्या डब्यातली."

तो रजयांच्या चळतीला टेकून बसला. तोंडावर राग नव्हता, आणि नवलही नव्हतं. आसिलबेकच्या तोंडावर होतं तेच होतं. म्हणजे ह्यांनाही ठाऊक होतं. काडतुसामागून काडतुसं आली, ती अंगणातून वळसे घालत राहिली, आपाची बोलणी खाल्ली, तेव्हा ह्यांना ठाऊक होतं.

"उद्या कुबान मधल्या घळीतून उतरणार आहे," ती हळू म्हणाली. "तुम्हाला तो दिसणार नाही."

"मला आवाज कळतो."

"पाय माणसालाही असतात आणि लांडग्यालाही."

तो कागद चाचपत राहिला.

"काय चाललंय रे आत?" आपाचा आवाज आला. "ती कशाला शिरली तिथे?"

सागिनबायने कागदाची घडी केली, आणखी एक घडी केली. बुरमाकानला वाटलं, आता हे खरं सांगतील. नुसतं 'आपा, मला दिसत नाही' एवढं. आईला सांगणं बायकोला सांगण्याइतकं कठीण नसतं.

"आपा," तो म्हणाला, "तू म्हणत होतीस तेच निघालं. हिने बंदूक ओलांडली होती. आत्ता कबूल केलं."

बाहेर काहीतरी खाली पडलं.

"आता हा हिवाळा बंदुकीला हात लावायला नको," तो पुढे म्हणाला. "उद्या दुसऱ्या कुणाला तरी बसवा म्हणावं. नेमच गेलेली बंदूक घेऊन मी कशाला माणसांत जाऊ?"

इतक्या मोकळ्या आवाजात तो कित्येक महिन्यांत बोलला नव्हता. खांदे सुद्धा खाली आले होते. बुरमाकान पाहत राहिली. एक वाक्य तिच्या जिभेवर होतं. बोलली असती तर आपाला, मग गल्लीला, मग गावाला कळलं असतं. पण ते वाक्य खोटं पाडण्यासाठी हा माणूस उद्या पहाटे बंदूक खांद्याला लावून दरीच्या तोंडाशी जाऊन बसला असता, हेही तिला पक्कं माहीत होतं.

आपा दारात आली. "खरं आहे हे?"

"होय, आपा," बुरमाकान म्हणाली.

शुक्रवारी दरीच्या तोंडाशी दुसरा बसला. दोन लांडगे पडले, एक निसटला, माणसं धड परत आली. आसिलबेक हे सांगायला आला तेव्हा आपा दारातच त्याला धरून सगळी कथा सांगून मोकळी झाली, रस्त्यावरच्यांनाही ऐकू जाईल अशी. आसिलबेकने ती खाली मान घालून शेवटपर्यंत ऐकली. मग आत येऊन बसत बुरमाकानकडे न बघता म्हणाला, "जेंगे, जेंगे! बायकांना पायाखाली बघून चालायला कधी येणार?"

"विचार तिला," आपा म्हणाली.

बुरमाकान किटली घेऊन आली. कोक-झारमध्ये पाहुण्याची चहाची वाटी अर्धीच भरतात, म्हणजे पुन्हा पुन्हा भरता येते आणि तो बसून राहतो. काठोकाठ भरलेल्या वाटीचा अर्थ, 'घ्या आणि उठा.' तिने आसिलबेकची वाटी काठोकाठ भरली. त्याने वाटीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, उठून उभ्याउभ्याच चहा संपवला आणि घरी काम आहे म्हणून निघाला.

मग सागिनबायने वाटी पुढे केली. तिने तीही तशीच भरली. त्याला ते दिसलं नाही. नेहमीसारखी उचलायला गेला आणि कढत चहा बोटांवरून मांडीवर सांडला.

"अगं, डोळे फुटले का तुझे?" आपा ओरडली.

"नाही, आपा," बुरमाकान म्हणाली. "माझे चांगले आहेत."

सागिनबायने भाजलेली बोटं कोटाला पुसली, आणि वाटी पुन्हा पुढे केली.